दुष्काळी गावचा नावाडी



या महिन्याच्या भित्तिपत्रकात 'खेळ व खेळाडू' हा विषय माझ्या वाट्याला आला. गुरुजी म्हणाले, "कुस्ती झाली, कबड्डी झाली. आता जरा वेगळं काहीतरी आण." म्हणून मी पाण्यातला खेळ आणला आहे. आपल्या गावाला पाणी काही नवीन नाही. शाळेच्या मागच्या ओट्यावर उभे राहिले की उजनीचे पाणी दिसते. आपल्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी मासेमारीची होडी आहे. पण होडी वल्हवून माणूस ऑलिंपिकला जातो हे मला माहीत नव्हते.

आणि खरे सांगायचे तर मला पाण्याची भीती वाटते. हा खेळाडू मी त्यासाठीच निवडला. त्यालाही वाटायची.

त्यांचे नाव दत्तू बबन भोकनळ. जन्म ५ एप्रिल १९९१. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. नाशिक म्हटले की आपल्याला गोदावरी आणि द्राक्षे आठवतात. चांदवडचा भाग मात्र तसा नाही. तो आपल्या सांगोला-मंगळवेढ्याचा भाऊच समजा. पाऊस कमी, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. अशा गावात होडी कुठून असणार?

त्यांचे वडील विहिरी खोदण्याच्या कामाला जात. दत्तूही लहान वयात वडिलांबरोबर जाऊन दगड फोडत. आपल्याकडेही विहिरीचे काम आपण पाहिले आहे. सुरुंग लावायचा, दगड फुटला की घणाने बारीक करायचा, पाट्या भरायच्या, यारीने वर ओढायच्या. पाणी लागले की मालक नारळ फोडतो. खोदणाऱ्याचे काम मात्र तिथेच संपते. तो दुसऱ्या कोरड्या जागी जातो. म्हणजे या घराचा सगळा जन्म पाणी शोधण्यात गेला आणि पाण्याजवळ राहणे काही नशिबी आले नाही. ही गोष्ट गुरुजींनी सांगितली तेव्हा आमच्या वर्गात दोघांचे वडील विहिरीवर कामाला जातात, ती मुले एकदम सरळ बसली.

दत्तूंनी पुढे शिकता शिकता पेट्रोल पंपावरही काम केले. २०११ साली वडील वारले. घरात दत्तूच थोरले. दुसऱ्याच वर्षी, २०१२ मध्ये, ते सैन्यात भरती झाले. पुण्याजवळ खडकीला सैन्याचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आहे, त्यात. उंची सहा फुटांच्या वर असल्यामुळे आधी त्यांना बास्केटबॉलमध्ये घेतले होते. मग नौकानयनाच्या प्रशिक्षकांची नजर त्यांच्यावर पडली. या खेळात लांब हातापायांचा माणूस लागतो. कुद्रत अली या प्रशिक्षकांनी त्यांना पुण्यातल्या सैन्याच्या नौकानयन केंद्रात तयार केले.

आता गंमत बघा. होडीत बसायचे म्हटल्यावर दत्तूंना पाण्याची भीती वाटली. हे त्यांनी स्वतः लोकांना सांगितलेले आहे. सैन्यातला जवान, दगड फोडलेला गडी, आणि पाण्याला भ्यायचा! मला हे वाचून फार बरे वाटले. (हसू नका.)

ती भीती खोटी नव्हती, कारण ती होडीच तशी असते. येथे थोडा अभ्यासाचा भाग सांगते, तो नीट वाचा.

आपण पंढरपूरला चंद्रभागेत जी होडी पाहतो ती रुंद, जड, लाकडाची. वीस माणसे बसली तरी फारशी हलत नाही. शर्यतीची एकट्याची होडी याच्या अगदी उलट. लांबी सुमारे ८ मीटर, म्हणजे आपल्या वर्गापेक्षा लांब. रुंदी मात्र माणूस कसाबसा बसेल एवढीच. आणि वजन फक्त १४ किलो! आपल्या सायकलीएवढे. खेळाडू एकटा ती डोक्यावर घेऊन पाण्याकडे चालत जातो. अशी होडी पाण्यात ठेवली आणि वल्ही न धरता कुणी बसले, तर ती लगेच कलंडते. दोन्ही बाजूंना दोन लांब वल्ही पसरून धरली तरच तोल राहतो. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोरगी हातात आडवी काठी धरते ना, तसेच.

आणखी एक नवल. हा खेळाडू पाठमोरा बसतो. होडी ज्या बाजूला पळते तिकडे त्याची पाठ. त्यामुळे पुढे गेलेला त्याला दिसत नाही, मागे पडलेला तेवढा दिसतो. बसायची फळी चाकांवर असते आणि पाय पुढे बुटांत अडकवलेले असतात. पाय दुमडून पुढे सरकायचे, वल्ही पाण्यात घालायची, मग पायांनी जोर लावून मागे रेटायचे. म्हणजे बघणाऱ्याला वाटते हातांचे काम, पण खरा जोर पायांचा आणि पाठीचा. मला आपले वाटते की विहिरीवर घण आणि पाट्या उचलल्या त्याचा दत्तूंना इथे उपयोग झाला असणार. हे माझे मत आहे, पुस्तकातले नाही.

याच जातीचे दुसरे खेळ म्हणजे कनू आणि कयाक. त्यात खेळाडू पुढे तोंड करून असतो आणि वल्हे होडीला अडकवलेले नसते, नुसते हातात. कनूमध्ये एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवतात. कयाकमध्ये बसून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने. या खेळात आपल्या देशातल्या एका बाईंचे नाव सांगण्यासारखे आहे. श्रीनगरच्या बिल्किस मीर. दल सरोवरात त्या शिकल्या, देशाकडून खेळल्या, नंतर भारताच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंच मंडळात बसल्या. मुलींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. मुलांनीही वाचले तर चालेल.

आता प्रश्न असा की १४ किलोची होडी एवढ्या मोठ्या माणसाला घेऊन तरंगते कशी? हा प्रयोग आम्ही वर्गात केला. बादली काठोकाठ भरली, ती परातीत ठेवली. एका रिकाम्या डब्यात वाळू भरून डबा वाळूसकट अर्धा किलो केला आणि अलगद पाण्यावर सोडला. परातीत पाणी सांडले ते मोजले. जवळजवळ अर्धा लिटर भरले. म्हणजे तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. आता गणित घाला. होडी १४ किलो, खेळाडू ८६ किलो धरा, मिळून १०० किलो. तेव्हा १०० लिटर पाणी बाजूला सरले की होडी तरंगते. आपल्या घरचा हंडा २० लिटरचा धरला तर पाच हंडे. एवढेच पाणी एका ऑलिंपिक खेळाडूला उचलून धरते! हे मी आईला सांगितले तर ती म्हणाली, "पाच हंडं मी रोज सकाळी डोक्यावर आणते, मला कोण पदक देतंय?" यावर काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

असो. दत्तूंनी पाण्याशी ओळख करून घेतली आणि मग त्यांची चढण फार वेगाने झाली. भरती २०१२ ची, आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत दोन सुवर्णपदके. २०१५ मध्ये चीनमध्ये आशियाई स्पर्धेत एकट्याच्या होडीत रौप्यपदक. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियात चुंगजू येथे ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. तिथे ते २००० मीटर ७ मिनिटे ७.६३ सेकंदांत गेले, दुसरे आले आणि रिओ ऑलिंपिकला पात्र ठरले. त्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचे ते एकटेच होते.

त्याच सुमारास घरी आईला अपघात झालेला होता. डोक्याला जबर मार लागला होता आणि माणसांची ओळखही तिला नीट राहिली नव्हती. मुलगा देशाचे नाव घेऊन परदेशी चाललेला आणि ज्या माऊलीला सांगायचे तिला समजत नाही. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा कुणीच काही बोलले नाही.

रिओमध्ये काय झाले ते मी जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात यावर वाद झाला. आमच्यातला एक जण म्हणाला, "तेरावा आला, मग त्याचं काय सांगायचं?"

एकट्याच्या होडीत ३२ देशांचे ३२ जण होते. पहिल्या फेरीत दत्तू आपल्या शर्यतीत तिसरे आले आणि उपउपांत्य फेरीत गेले. तिथे पहिले तिघे पुढे जाणार होते. दत्तू चौथे आले. वेळ ६ मिनिटे ५९.८९ सेकंद. एका जागेने पदकाची वाट बंद झाली. पण या खेळात हरलेल्यांनाही पुढच्या जागांसाठी वल्हवावे लागते. १ ते ६ साठी एक अंतिम शर्यत, ७ ते १२ साठी दुसरी, १३ ते १८ साठी तिसरी. या तिसऱ्या शर्यतीत पदक नाही, टाळ्या थोड्या. दत्तू ती जिंकले आणि वेळ दिली ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. संपूर्ण स्पर्धेतली त्यांची ही सर्वांत चांगली वेळ. म्हणजे मिळायचे काही उरले नव्हते त्या दिवशी ते सर्वांत जोरात वल्हवत होते.

हा वेग किती ते पाहू. ६ मिनिटे ५४.९६ सेकंद म्हणजे सुमारे ४१५ सेकंद. २००० भागिले ४१५, उत्तर ४.८२. म्हणजे एका सेकंदाला पावणेपाच मीटरहून जास्त. आपल्या वर्गाची लांबी टेपने ६ मीटर भरली. तेव्हा ही भिंत ते ती भिंत सव्वा सेकंदात! शाळेपासून फाटा बरोबर २ किलोमीटर आहे. मी चालत गेले, २६ मिनिटे लागली. वाद घालणारा जो होता त्याला सायकलवर पिटाळले. त्याला ९ मिनिटे लागली, आणि आल्यावर तो पायरीवर आडवा झाला. तेरावा नंबर काय असतो ते त्याला आता ठाऊक आहे.

सुवर्णपदक न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेल यांना मिळाले. वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद. दुसरा आलेला क्रोएशियाचा दामिर मार्टिन, त्याची वेळही तीच! छायाचित्र पाहून निकाल द्यावा लागला. त्यांच्यात आणि दत्तूंच्यात फरक १३.६२ सेकंदांचा. दत्तूंच्या वेगाने तेवढ्या वेळात सुमारे ६५ मीटर जाता येते. दोन्ही शर्यती वेगवेगळ्या वेळी झाल्या आणि पाण्यावर वारा सारखा नसतो, म्हणून हे गणित अंदाजाचेच धरावे. पण वल्हे हातात धरून चारच वर्षे झालेल्या माणसाने जगातल्या पहिल्या माणसापासून ६५ मीटरवर येणे मला तरी मोठे वाटते.

पुढचे थोडक्यात. २०१८ च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियात झाल्या. २३ ऑगस्टला पालेम्बांग येथे एकट्याच्या शर्यतीत दत्तू अगदी शेवटी आले. अंगात सणसणीत ताप होता. दुसऱ्याच दिवशी चौघांची शर्यत होती. सवर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ. चार माणसे, आठ वल्ही. ६ मिनिटे १७.१३ सेकंद, आणि सुवर्णपदक भारताला!

पण सगळे गोडच झाले असे नाही. एकट्याची शर्यत मध्येच सोडली असा ठपका ठेवून नौकानयन महासंघाने २०१९ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. दत्तूंचे म्हणणे, आपण आजारी होतो. जानेवारी २०२० मध्ये ती बंदी उठवली. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मी हे गाळणार होते. गुरुजी म्हणाले, "गाळू नको. माणसाचं सगळं लिहावं."

आता मी सुरुवातीला भीतीचे बोलले होते, ते सांगते.

आपल्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला लोक बोटीने जात. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. २१ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. सहा जण गेले. त्यात लहान लेकरेही होती. एक जण पोहून काठाला आला. हे सगळ्यांना माहीत आहे, जास्त लिहीत नाही. माझी आत्या पलीकडच्या काठाला दिलेली आहे. तिच्याकडे आम्ही सुट्टीत बोटीनेच जायचो. मी बोटीच्या कडेला बसून पाण्यात हात घालायचे. त्या मे महिन्यापासून आई आम्हांला पाण्याजवळ जाऊ देत नाही, आणि मलाही पाण्याकडे नुसते पाहिले तरी पोटात गोळा येतो. रात्री वारा सुटला की झोप लागत नाही.

आजी म्हणते, आमच्या वेळेला भीमेला पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून माणसे पलीकडे जायची, आणि पोहायला येत नाही असे पोर गावात नसायचे. पांगऱ्याच्या लाकडाची सांगड पाठीला बांधून विहिरीत सोडायचे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. आजीचे जुने गाव पाण्याखाली गेले, तिच्या विहिरीही गेल्या. आता पाणी दारात आले आहे आणि पोहणारी पोरे कमी झाली आहेत. मी वर्गात हात वर करायला सांगितले. ३१ मुलांत पोहता येणारे ९. त्यांत मुलगी एकच.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे, ती रागावू नका. आम्हांला पोहायला शिकवा. विहिरीत, मोठ्या माणसाने पाण्यात उभे राहून, कंबरेला दोर बांधून. एकट्याने मुलांना पाठवू नका. आणि बोटीत बसताना तरंगजाकीट अंगात घातल्याशिवाय बसू नका, वारा असेल तर बसूच नका. होडीच्या शर्यतीतल्या मुलांनाही आधी पोहता यावे लागते, मगच वल्हे हातात मिळते.

दत्तूंची गोष्ट लिहून झाल्यावर मी ती घरी मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाले, "मला पोहायला शिकायचंय."

आई म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला हवं पवायला?"

दादा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, पोरगा हाय का पोरगी, हे पाणी बघत न्हाई."

आई उठून चुलीकडे गेली. मला वाटले संपले. पण रविवारी सकाळी तीच दोर घेऊन माझ्याआधी विहिरीवर जाऊन बसली होती.

दादांनी गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन झाकणे घट्ट लावून माझ्या पाठीला बांधले. वर्गातला प्रयोग आठवा. दोन्ही कॅन पाण्याखाली गेले तर दहा लिटर पाणी बाजूला सारणार, म्हणजे मला सुमारे दहा किलोचा आधार. हे मला तोंडपाठ होते. तरी पायरीवरून पाय सुटेना. दादा पाण्यात हात पसरून उभे आणि आई वर दोर धरून बसलेली. पहिल्या दिवशी मी पायरी सोडलीच नाही. दुसऱ्या रविवारी सोडली आणि नाकातोंडात पाणी गेले, खूप रडले. तिसऱ्या रविवारी समोरच्या भिंतीला हात लावून परत आले. ती भिंत आपल्या वर्गाएवढीच लांब आहे. मला सव्वा सेकंद नाही, पुष्कळ वेळ लागला.

परवा दादांनी पाठीचा एक कॅन सोडला. दुसरा अजून आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी